गोटीच्या मापाचं दप्तर

आमच्या घरात दप्तरं तीन झाली आणि पाठ एकच, तीही वीतभर. ही पाठ माझ्या मुलीची. तिचं खरं नाव तिच्या जन्माच्या दाखल्यावर आहे, एरवी ती गोटी. जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा हातात घेऊन तिचे आजोबा म्हणाले होते, "ही तर गोटी आहे. सांभाळा, घरंगळेल." तेव्हापासून तेच चिकटलं.

पण ही हकीकत गोटीची कमी आणि त्या आजोबांची जास्त. ते माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणते, गोटी आबा म्हणते, आणि ज्यांच्याबरोबर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली ती माणसं रस्त्यात भेटली की अजूनही 'काय क्रेन?' म्हणून हाक मारतात. मामंजी लोकांचं घरसामान हलवायचे. एका घरातून उचलायचं, दुसऱ्या घरात ठेवायचं. मध्ये जे काही असेल, जिना, बोळ, अरुंद दार, ते सगळं त्यांच्या पाठीनं पार करायचं.

मी त्यांना काम करताना एकदाच पाहिलं. लग्नानंतर आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा आमचं लोखंडी कपाट जिन्यातून वर येत होतं. माणूस दिसतच नव्हता. कपाटाला दोन पाय फुटले होते आणि ते एकेक पायरी चढत होतं. वळणावर ते थांबलं, कठड्याला टेकलं, आतून 'हुश्श' असा आवाज आला, मांडीवर एक थाप पडली आणि कपाट पुढच्या मजल्याला लागलं. मी काही उठसूट भारावून जाणारी बाई नाही. पण त्या दिवशी हातातला झाडू तसाच धरून मी भिंतीला चिकटून उभी राहिले. एवढं वजन एका माणसाच्या अंगावर असू शकतं आणि तो माणूस वर पोचल्यावर 'कुठं ठेवू, सूनबाई?' असं साध्या आवाजात विचारू शकतो, हे मला खरंच वाटेना.

त्या कामानं त्यांना वाकवलं. ओझं उतरलं, काम सुटलं, पण वाकणं सुटलं नाही. कमरेतून पुढे झुकायचं, नजर जमिनीवर ठेवायची आणि थोडं चालून झालं की एक हात गुडघ्यावर टेकून 'हुश्श' करायचं. हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना मागेच सांगितलं होतं की हाडं धड आहेत, ही जास्त करून सवय आहे, रोज व्यायाम केलात तर बरीच सुटेल. मामंजींनी तिथे मान डोलावली आणि घरी येऊन चहा मागितला. व्यायामाचं नाव त्या दिवसानंतर निघालं नाही. मी आठवण करून दिली की म्हणायचे, "आता सरळ होऊन कुणाला दाखवायचंय?"

गोटी अडीच वर्षांची झाली आणि तिला बालवाडीत घातलं. तिथल्या ताईंचा एक नियम होता. फाटकापासून आपल्या खुंटीपर्यंत प्रत्येक मुलानं आपलं दप्तर आपल्याच पाठीवरून न्यायचं. आईबापांनी फाटकाबाहेर थांबायचं. दप्तरात काय, तर कपड्यांचा एक जोड, एक रुमाल, पाण्याची बाटली आणि फळांच्या फोडींचा डबा. मला वाटलं, यात काय मोठंसं, एक दप्तर घ्यायचं आणि मोकळं व्हायचं.

पहिलं दप्तर माझ्या नवऱ्यानं आणलं. हत्तीचं. त्याला कान होते, शेपूट होती आणि लोंबणारी सोंडही होती. माझ्या नवऱ्याचा एक सिद्धांत आहे की लहान मुलांचं सगळं वाढत्या अंगाचं घ्यावं. हे दप्तर इतक्या वाढत्या अंगाचं होतं की गोटीनं ते चढवलं आणि गोटी नाहीशी झाली. मागून पाहिलं तर हत्तीच बालवाडीला निघालेला. तळ तिच्या पोटऱ्यांवर आपटत होता. ती दारापर्यंत गेली, मागे कलली आणि हत्तीवर उताणी पडून छताकडे बघत राहिली. रडली नाही, हे तिचं मोठेपण.

"हे दप्तर नाही, बिछाना आहे," मी म्हटलं.

दुसरं दप्तर मामंजींनी स्वतः बनवून घेतलं. त्यांच्या जुन्या गोदामात गेले, सामान बांधायचे पट्टे आणले आणि गोदामाशेजारच्या शिंप्याकडून जाड कापडावर शिवून घेतले. त्याला लोखंडी कड्या होत्या. शिवण दुहेरी होती. मी ते उचललं आणि आत काय भरलंय ते पाहिलं. आत काहीही नव्हतं.

"मामंजी, यातून ती फ्रीज नेणार आहे का?"

"तुटणार नाही," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

गोटीला मात्र ते दप्तर फार आवडलं, कारण ते आबांच्या पट्ट्यासारखं होतं. ती ते घरातसुद्धा उतरवेना. मग तेच पाठीवर घेऊन ती बालवाडीत जाऊ लागली आणि तिला सोडायला मामंजी जाऊ लागले.

आमच्या घरापासून बालवाडीपर्यंत एक बोळ आहे. दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या असतात. हात धरून शेजारीशेजारी चालायला जागा नाही, एकामागे एकच जावं लागतं. मामंजींनी त्यावर त्यांच्या धंद्यातला तोडगा काढला. कपाट दोघांनी उचललेलं असलं की मागच्या माणसाला समोरचं काही दिसत नाही. त्यानं फक्त पुढच्याच्या टाचा बघायच्या. पुढच्यानं टाच जिथून उचलली तिथंच आपलं पाऊल ठेवायचं. आणि मागचा नीट येतोय ना हे कळावं म्हणून पुढचा अधूनमधून विचारतो, "आहे?" मागचा म्हणतो, "आहे." उत्तर आलं नाही तर जागच्या जागी थांबायचं.

त्यांनी हे सगळं गोटीला शिकवलं. मी वरच्या खिडकीतून बघायची. पुढे वाकलेले मामंजी, मागे त्यांच्या टाचांवर नजर लावलेली गोटी.

"आहे?"

"आहे."

मला वाटायचं, किती गोड आहेत दोघं. खिडकी बंद करून मी कामाला लागायची.

मग एक दिवस मी गोटीला आणायला गेले तेव्हा ताईंनी मला थांबवून विचारलं, "गोटीला दप्तर जड होतंय का? फार वाकून चालते ती."

घरी आल्यावर मी तिला दप्तर चढवून चालायला लावलं. ती पुढे झुकून निघाली. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी थांबली, एक हात गुडघ्यावर टेकला आणि म्हणाली, "हुश्श." नवऱ्याला हसू आवरेना. "छोटी क्रेन," तो म्हणाला. मीही हसले. मामंजींकडे पाहिलं आणि माझं हसणं जागच्या जागी थांबलं. ते पांढरे पडले होते.

दुपारी मी भांडी आवरत होते तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "सूनबाई," ते म्हणाले, "माझी पाठ तिला गेली."

"काहीतरीच बोलता."

"माझ्या वडिलांची अशीच होती. त्यांची मला आली. मला वाटायचं कामानं आली. पण ही पोर तर अजून काहीच उचलत नाही." त्या माणसानं आयुष्यात कशाला घाबरून पाऊल मागे घेतलं नव्हतं, आणि ते माझ्यासमोर दाराची चौकट धरून उभे होते. मुलीची काळजी मलाही होतीच, पण त्यांच्या तोंडून ते ऐकल्यावर ती काळजी खरी वाटायला लागली.

दुसऱ्याच दिवशी गोटीला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिचा पाठीचा कणा बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपला, तिला वाकवलं, उभं केलं, चालवलं. "पाठ छान सरळ आहे," त्या म्हणाल्या. "हे दप्तर मात्र बदला. मोठ्या माणसाला जड वाटेल असं आहे." माझा जीव भांड्यात पडला. मामंजींचा पडला नाही. जिना उतरताना ते एवढंच म्हणाले, "आत्ता सरळ आहे."

म्हणून तिसऱ्या दप्तराच्या खरेदीला आम्ही तिघं गेलो ते बाजाराला निघाल्यासारखे गेलोच नाही, दवाखान्यात निघाल्यासारखे गेलो. मामंजींनी कापडी पिशवीत कपड्यांचा जोड, रुमाल, पाण्यानं भरलेली बाटली आणि डबा असं सगळं बरोबर घेतलं होतं. रिकामं दप्तर कुणालाही हलकंच लागतं, असं त्यांचं म्हणणं.

दप्तरवाल्या बाईंचं दुकान लांबट होतं. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला पुरुषभर उंचीचा आरसा. बाई शांत स्वभावाच्या होत्या, हे आमचं नशीब. मामंजींनी एकेक दप्तर खाली उतरवायला लावलं. आधी एका बोटावर तोललं. मग शिवण ओढून पाहिली. मग आत बाटली घालून पट्टा आपल्या मनगटावर लटकवला आणि थोड्या वेळानं काढून वळ किती उठलाय ते बघितलं. वळ उठला की दप्तर बाद. माझ्या लग्नाची बोलणी करताना या घरानं इतकी चौकशी केली नव्हती.

बाईंनी मधूनच सांगितलं, "आजोबा, रुंदी तिच्या खांद्यांबाहेर जायला नको आणि तळ कमरेखाली उतरायला नको. आणि छातीवर एक आडवा पट्टा असलेला बघा, म्हणजे खांद्यावरून घसरत नाही." मामंजींनी ते मन लावून ऐकलं आणि पुढची दप्तरं गोटीच्या पाठीला लावून बघितली.

शेवटी एक निळं दप्तर निघालं. त्याच्या कोपऱ्यात पिवळं बदक होतं. पट्टे रुंद आणि मऊ होते, तळ बरोबर कमरेवर बसत होता. मामंजींच्या मनगटावर वळ उठला नाही. त्यांनी गोटीच्या छातीवरचा आडवा पट्टा लावला, त्याखाली आपली दोन बोटं सरकतात ना हे पाहिलं आणि थकून स्टुलावर बसले. बाईंनी गोटीला बोट दिलं. "चल, आरशातलं बदक बघू."

गोटी चालू लागली. ताठ. हनुवटी वर, खांदे मागे, जशी एखादी मोठी साहेबीण दौऱ्यावर आली आहे. आरशापाशी जाऊन तिनं बदकाला हात केला. मी सुटकेचा श्वास सोडला. दप्तराचाच दोष होता तर.

"रंग जरा उजेडात बघतो," मामंजी म्हणाले, आणि उठून दाराकडे निघाले.

गोटीनं बाईंचं बोट सोडलं. ती वळली, भराभर मामंजींच्या मागे आली आणि त्यांच्या टाचांवर नजर लावून कमरेतून वाकली. दप्तर तेच, बाटली तीच. समोरच्या आरशात मला दोघंही पाठमोरी दिसत होती. मामंजींचा डावा पाय किंचित ओढला जातो, तो तिचाही ओढला जात होता. ते उजवा अंगठा शर्टाच्या खांद्यापाशी खुपसतात, पूर्वी तिथे पट्टा असायचा. तिनं अंगठा दप्तराच्या पट्ट्याखाली खुपसला होता. दारापाशी ते थांबले, हात गुडघ्यावर गेला. तिचाही गेला. "हुश्श," दोघं म्हणाली.

मी जागची हलले नाही. मुलं नकला करतात हे मला माहीत आहे, पण ही नक्कल नव्हती. नकलेत मूल तुमच्याकडे बघून हसतं. ही पोर कुणाकडेच बघत नव्हती. ती काम शिकत होती. चालायचं कसं, हे तिनं जगातल्या सगळ्या माणसांतून एका माणसाकडून शिकायचं ठरवलं होतं, आणि त्याचा ओढला जाणारा पायसुद्धा सोडला नव्हता. मामंजींकडे इतकं लक्ष देऊन त्यांच्या जन्मात कुणी पाहिलं नसेल. एका घरात राहून मीही पाहिलं नव्हतं.

मी तशी फटकळ आहे, मनात आलं की ओठावर येतं. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत मी तोंडाला कुलूप लावलं. हे सांगायचं कसं? सांगितलं तर ते गोटीला सोडायला जाणं बंद करतील. आणि सकाळची ती फेरी सोडली तर त्यांच्या दिवसात होतं काय? पण नाही सांगितलं तर ते आपली पाठ तिला गेली म्हणून झुरत राहतील. चहा ठेवला, पेला त्यांच्या हातात दिला आणि जे पाहिलं ते सगळं सांगून टाकलं.

त्यांनी पेल्यातून मान वर केली. "म्हणजे तिला गेली नाही?"

"नाही गेली. तुमच्या मागे चालते तेव्हाच वाकते. एरवी सरळ."

ते हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरले आणि ते त्यांनी बाहीनं पुसले. मग हसू ओसरलं. "म्हणजे मीच शिकवतोय."

नवरा शेजारीच बसला होता. "एवढंच ना, बाबा," तो म्हणाला, "उद्यापासून मी सोडतो तिला."

"हो हो, तूच सोड," मामंजी म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की माझ्यानं त्यांच्याकडे बघवेना.

सकाळी नवरा बूट घालून दारात उभा राहिला. "चल गोटी." गोटी आली नाही. ती निळं दप्तर चढवून स्वयंपाकघरात मामंजींच्या खुर्चीमागे उभी होती, खाली त्यांच्या टाचांकडे बघत. नवऱ्यानं हात पुढे केला. ती म्हणाली, "आबा पुढे." त्यानं समजावलं, खाऊची लालूच दाखवली, थोडा आवाजही चढवला. ती हलली नाही. "आबा पुढे."

मामंजींनी पेला खाली ठेवला. उठले. भिंतीकडे तोंड करून दोन्ही तळवे भिंतीवर टेकले आणि आपलं अंग वर उचलायला लागले. दुसरा शब्द मला सुचत नाही. जिन्यातलं ते कपाट जसं एकेक पायरी चढलं होतं तसं त्यांचं अंग वर जात होतं. आधी कंबर, मग छाती, मग खांदे. मानेच्या शिरा तटतटल्या. मध्येच थांबले, आणि मला वाटलं झालं आता, पण त्यांनी मांडीवर एक थाप मारली आणि उरलेले वर आले. मग भिंत सोडून ते दाराकडे वळले आणि खाडकन त्यांचं डोकं आपटलं.

आमच्या स्वयंपाकघरात वर एक फडताळ आहे. त्याचं दार नीट लागत नाही, सदानकदा अर्धं उघडं असतं. माझा नवरा त्याखालून मान चुकवून जातो. मामंजी इतकी वर्षं त्याखालून बिनधास्त येत-जात होते, त्यांना ते कधी लागलंच नव्हतं. मी लग्न होऊन या घरात आले आणि माझे सासरे इतके उंच आहेत हे मला त्या सकाळी कळलं. नवराही बघतच राहिला. लहानपणी पाहिलेलं काहीतरी पुन्हा दिसावं तसा त्याचा चेहरा झाला होता. "बाबा," तो हळूच म्हणाला, "सांभाळून."

मामंजी कपाळ चोळत हसले. खुंटीवरची त्यांची कामावरची लाल टोपी त्यांनी डोक्यावर चढवली. "गोटी, आजपासून टाचा बघायच्या नाहीत. ही टोपी बघायची. टोपी कुठं जाते ते बघत यायचं. कळलं?"

गोटीनं मान वर केली. केवढी वर करावी लागली तिला.

आम्ही निघालो. पुढे मामंजी, मागे गोटी, तिच्या मागे मी, कारण टोपीकडे बघत चालणारं मूल कुठं अडखळेल सांगता येत नाही. बोळात शिरेपर्यंत मामंजींच्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती. पावलं सावकाश पडत होती आणि प्रत्येक पावलागणिक त्यांचं अंग जुन्या जागी जायला बघत होतं. ते त्याला पुन्हा वर आणत होते. मी त्यांना कपाट उचलताना पाहिलं होतं. हे ओझं त्याहून जड होतं, हे मी शपथेवर सांगेन.

"आहे?" पुढून आवाज आला. थोडा चिरका.

"आहे," गोटी म्हणाली.

बोळाच्या पलीकडच्या तोंडाशी एक पायरी आहे. तिथं मामंजी रोज हात टेकून 'हुश्श' करत. त्या दिवशीही ते तिथे थांबले. त्यांचा उजवा हात गुडघ्याकडे निघाला, अर्ध्यावर थबकला आणि बाजूला लटकत राहिला. मागे गोटी थांबली. तिचा हात गुडघ्यावर पोचलासुद्धा होता. तिनं वर टोपीकडे पाहिलं. टोपी खाली आली नव्हती. तिनं गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

फाटकाशी ताई उभ्या होत्या. गोटी मामंजींना वळसा घालून आत गेली. अंगणातून सरळ चालत गेली, पाठीवरचं बदक जरासुद्धा न हलवता, आणि दारात दिसेनाशी झाली. मी तेवढ्यात डोळे पुसून घेतले. मामंजी फाटकाच्या गजांना न टेकता तसेच उभे होते. त्यांच्या पायांना कापरं भरलं होतं.

"गेली ती," मी म्हटलं. "आता वाका, मामंजी. पुरे झालं."

त्यांनी मानही हलवली नाही. "थांब जरा," ओठ न हलवता ते म्हणाले. "दप्तर खुंटीला लावलं की ती खिडकीत येते. रोज येते."

मी खिडकीकडे पाहिलं. खालच्या गजाच्या वर आधी केस आले, मग कपाळ, मग दोन डोळे. ते डोळे टोपी शोधत होते.

"आहे?" गोटीनं विचारलं.

"आहे," मामंजी म्हणाले.